वीस मीटरांची शर्यत

सूर्यप्रकाशावर गाडी चालेल, ही कल्पना एके काळी चेष्टेचा विषय होती. परंतु १९८२ च्या डिसेंबर महिन्यात हान्स थोलस्ट्रप आणि लॅरी पर्किन्स हे ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून तशाच एका गाडीने निघाले आणि सुमारे ४,००० किलोमीटर अंतर तोडून वीस दिवसांत सिडनीस पोहोचले. पुढे १९८७ साली त्याच देशात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३,००० किलोमीटरांची सौर गाड्यांची शर्यत भरली.

मोठ्यांचा हा खेळ मुलांपर्यंत न पोहोचता तरच नवल! विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ज्युनिअर सोलर स्प्रिंट’ ही स्पर्धा सुरू झाली. येथे गाडी हातात मावेल एवढी आणि शर्यतीची वाट अवघी २० मीटरांची. गाडीवर एक लहानसे सौर पॅनेल बसवितात. त्यावर ऊन पडले की वीज निर्माण होते व मोटर फिरू लागते. ही वीज इतकी थोडी, की घरातील साध्या दिव्यालाही ती पुरावयाची नाही. सूर्य सर्वांना सारखाच; तेव्हा मिळालेल्या शक्तीचा अपव्यय जो टाळील, तोच पुढे जाणार.

गाडी बनवू लागताच मुलांची पहिली निराशा होते. गाडी हातात उचलून धरावी, तर चाके भिरभिर फिरतात. तीच जमिनीवर ठेवावी, तर जागची हलत नाही. मोटर फिरते वेगाने. पण तिच्या अंगी जोर थोडा. यावर उपाय दंतचक्रांचा. मोटरीवर १० दात्यांचे चक्र आणि चाकांच्या आसावर ४० दात्यांचे चक्र बसविले, म्हणजे मोटरीचे चार फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. वेग घटतो, पण जोर वाढतो, आणि अडून बसलेली गाडी चालू लागते.

मग हिशेब सुरू होतो. चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे २२ सेंटिमीटर. म्हणजे २० मीटर जाण्यास चाकाला सुमारे ९१ फेरे घ्यावे लागतात. आस किंचित वाकडा असला किंवा चाक कोठे घासत असले, तर प्रत्येक फेऱ्यात थोडी शक्ती वाया जाते. एका फेऱ्यात ती जाणवतही नाही. परंतु तीच हानी ९१ वेळा झाली, की गाडी मागे पडते. बैलगाडीच्या आसाला आठवणीने वंगण घालणारा गाडीवान हेच तत्त्व जाणत असतो. म्हणून मुले आस पुनःपुन्हा सरळ करतात, सांगाड्याचे निरुपयोगी लाकूड कापून वजन घटवितात आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून वेळ टिपून ठेवतात.

स्पर्धेच्या दिवशी आकाशाकडेही पाहावे लागते. लख्ख उन्हासाठी निवडलेली दंतचक्रे ढग येताच निरुपयोगी ठरतात. वीज घटते आणि गाडी सुरूच होत नाही. चतुर मुले यासाठी दुसरे मोठे दंतचक्र खिशात बाळगतात. परंतु ते केव्हा बसवावे? ऊन परतले, तर मोठ्या चक्राची गाडी संथ ठरणार. न परतले, तर लहान चक्राची गाडी जागीच राहणार. हा निर्णय मुलांनाच करावा लागतो आणि त्याचे फळही त्यांनाच भोगावे लागते.

इशारा होतो. वाटेच्या मध्यावर ताणलेल्या दोरीच्या आधाराने गाडी आपली आपण धावते. तिला ढकलता येत नाही की हाताने वळविता येत नाही. आठवड्यांमागून आठवडे जे जे नीट केले, ते ते आता तिच्याबरोबर धावते. जे ‘चालेल’ म्हणून सोडून दिले, तेही धावते. आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाशी तिला झेलण्यासाठी एक मुलगा ओंजळ पुढे करून श्वास रोखून उभा असतो.