अनोळखी रेणूंसाठी एक सभा

माझी भाची मेटाबोलॉमिक्समध्ये पीएच.डी. करते. तिच्यासारखीच संशोधनाच्या उंबरठ्यावरची काही मुलं, कोणी मुंबईच्या प्रयोगशाळेतली, कोणी पुण्याची, एकजण नुकताच पोस्टडॉक संपवून परतलेला, गेल्या पावसाळ्यात रविवारी आमच्या वसईतल्या सांडोरच्या घरी जमायची. चर्चमधून मिस्सा आटोपून मी घरी येईपर्यंत ओटीवर लॅपटॉप आणि वह्या पसरलेल्या असत. त्यांना दोन दिवसांची वैज्ञानिक सभा भरवायची होती, आणि तीही कोणा ज्येष्ठाच्या छत्राखाली नव्हे, तर स्वतःच्या जबाबदारीवर. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. चहा देता देता त्यांचं बोलणं कानावर पडत गेलं आणि ऐकता ऐकता मी त्यात गुंतत गेले. विज्ञानातली सभा नक्की कशासाठी असते, याचा इतक्या नेटानं विचार मी त्याआधी केला नव्हता.

त्यांचा विषय समजून घ्यायला आमची वाडी पुरेशी आहे. केळीचा घड उतरवून पिकायला ठेवला की हिरव्या फळातला स्टार्च साखरेत बदलू लागतो, आयसोअमिल अॅसिटेटसारखी एस्टर तयार होतात आणि घरभर वास सुटतो. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात; पाणी उडून जातं, गोडी दाटते, रंग पालटतो. जिवंत पेशीत क्षणोक्षणी असे असंख्य लहान रेणू घडत आणि मोडत असतात: साखरा, अमिनो आम्लं, मेदाम्लं, रंगद्रव्यं, सुगंधी द्रव्यं. जनुकांवरून काय घडू शकतं ते कळतं. या रेणूंवरून प्रत्यक्ष काय घडतंय ते कळतं. ते सगळे एकदम मोजायचे, त्यांच्या चढउतारांतून झाडाची किंवा माणसाची अवस्था वाचायची, ही मेटाबोलॉमिक्सची आकांक्षा.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली माणसाच्या श्वासातली सुमारे 250 आणि लघवीच्या वाफेतली सुमारे 280 द्रव्यं वेगळी करून दाखवली, तेव्हा या आकांक्षेला पहिला ठोस आकार आला. आज नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून मास स्पेक्ट्रोमीटर चयापचयाचे अनेक जन्मजात विकार ओळखू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, हापूस आंब्याच्या वासाचा असाच माग काढला गेला. कच्च्या फळात टर्पीन वर्गातल्या द्रव्यांचा जोर असतो आणि पिकताना लॅक्टोन व फ्युरॅनोन प्रकट होतात, हे त्या कामातून पुढे आलं. कोकणातल्या माणसाच्या नाकाला जे ठाऊक होतं, त्याची रासायनिक नोंद झाली.

पण या विषयाची दुसरी बाजू मला त्या ओटीवरच कळली. यंत्रातून एक नमुना गेला की पडद्यावर हजारो संकेत उमटतात. त्यांतले बहुतेक कोणत्या रेणूचे, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा सर्वसमावेशक मोजणीत मिळणाऱ्या वर्णपटांपैकी सरासरी जेमतेम 1.8 टक्क्यांना नाव देता येतं, असं 2015 साली एका गाजलेल्या लेखात मांडलं गेलं. त्यानंतर संगणकी साधनं सुधारली, जगभरचे वर्णपट एकत्र साठवणारे खुले संग्रह उभे राहिले, तरी अनोळखी भाग अजून प्रचंड आहे. 2007 साली या क्षेत्रातल्या लोकांनी ओळख पटण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्यांतली चौथी पायरीच ‘अज्ञात’ अशी आहे. अज्ञानाला रीतसर जागा देणारं हे शास्त्र मला फार प्रामाणिक वाटलं.

मग सभांमध्ये हे अज्ञान दिसतं का? भाचीचं उत्तर होतं, फारसं नाही. तिथे पूर्ण झालेली कामं येतात. ज्या संकेतांना नाव मिळालं त्यांचे आलेख येतात. ज्यांना मिळालं नाही ते वहीत राहतात. म्हणून तिनं सुचवलं की एक सत्र फक्त अनोळखी संकेतांचं ठेवू. प्रत्येकानं आपल्याला न उलगडलेला एकच संकेत आणायचा. त्याचं वस्तुमान, तो यंत्रातून कितव्या मिनिटाला बाहेर पडतो ती वेळ, त्याचे तुकडे कसे पडतात, एवढंच सांगायचं. निष्कर्ष आणायचाच नाही.

त्यावर एक मुलगी म्हणाली, “मी अजून गाईडनासुद्धा हे दाखवलेलं नाही. सगळ्यांसमोर कसं दाखवू?”

भाची म्हणाली, “म्हणून तर इथे दाखवायचं.”

मला त्या मुलीची भीती पूर्ण कळत होती. आपल्याकडे शिकणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय फार उशिरा लागते. शाळेत ते म्हटलं की खाली बसायला सांगतात, तोंडी परीक्षेत गुण जातात, मुलाखतीत नोकरी जाते. प्रयोगशाळेत येईपर्यंत हुशार मुलं न कळलेलं झाकण्यात तरबेज होतात. आणि हे शास्त्र तर न कळलेल्यावरच उभं आहे. पहिल्या रांगेत ज्यांच्या सहीवर आपली फेलोशिप अवलंबून आहे ती माणसं बसलेली असताना, आपल्या कामातला रिकामा कोपरा दाखवायला धैर्य लागतं. समवयस्कांत ते धैर्य सोपं होतं. परदेशातल्या गॉर्डन परिषदांना जोडून पीएच.डी. आणि पोस्टडॉक करणाऱ्यांची वेगळी चर्चासत्रं भरतात, ती त्यांनीच आखलेली असतात. 2004 साली स्थापन झालेल्या मेटाबोलॉमिक्स सोसायटीतही नवोदित संशोधकांचा स्वतःचा गट आहे आणि वार्षिक परिषदेत तो आपल्या कार्यशाळा घेतो. तरुणांना वेगळी खोली हवी असते, ती मोकळं बोलण्यासाठी.

या मुलांना कोणी ‘तुमचं वय अजून शिकायचं आहे’ असं म्हणालं असतं तर मी त्याला 1914 सालची गोष्ट सांगितली असती. त्या वर्षी जानेवारीत कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी होते, 105 माणसं जमली आणि 35 निबंध वाचले गेले. पण हे घडवून आणलं ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले जे. एल. सायमनसेन आणि लखनौच्या कॅनिंग कॉलेजातले पी. एस. मॅकमहॉन या दोन रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी. सायमनसेन तेव्हा तिशीलाही पोचले नव्हते. एवढ्या पसरलेल्या देशात काम करणारे एकमेकांना भेटतच नाहीत, ही त्यांची खंत होती. पुढची दोन अधिवेशनं अनुक्रमे मद्रासला आणि लखनौला, म्हणजे या दोघांच्याच गावी झाली.

सायमनसेन संशोधन कशावर करत होते, हे कळलं तेव्हा मुलांचे चेहरे उजळले. भारतीय वनस्पतींच्या तेलांतल्या लहान रेणूंवर. 1920 साली त्यांनी चीर पाइनच्या टर्पेंटाइनमधून लाँगिफोलीन वेगळं केलं. त्याच रेणूच्या रसायनावर पुढे रसायनशास्त्रज्ञ सुख देव यांनी दीर्घकाळ काम केलं. एनसीएलमधल्या त्यांच्या गटानं गुग्गुळातली द्रव्यंही उलगडली. एकेका रेणूमागे वर्षं घालवणाऱ्या त्या माणसांचेच हे वारसदार, फक्त यांच्यासमोर एकाच सकाळी हजार रेणू येऊन उभे राहतात. या मुलांना भेटीगाठींची गरज त्या जुन्या माणसांहून जास्तच आहे.

सभा भरवणं हे स्वतःच एक शिक्षण आहे, हेही मी त्या रविवारांत पाहिलं. नोंदणीची फी किती ठेवायची, यावर सर्वांत लांब चर्चा झाली. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला प्रवासखर्च नंतर मिळतो. पण ज्याची फेलोशिप महिनोन्महिने रखडते त्याच्याकडे आधी तिकीट काढायलाच पैसे नसतात. मुलांनी ठरवलं की जेवणातला एक गोड पदार्थ कमी करू, पिशव्या आणि स्मृतिचिन्हं नकोतच, पण तिकिटाचे पैसे आधी देऊ. जव्हार-डहाणूकडच्या कॉलेजांतली एम.एस्सी.ची मुलं परत जाऊ शकतील अशा बेतानं संध्याकाळचं सत्र लवकर संपवायचं ठरलं. ज्यांची बाळं लहान आहेत त्यांच्यासाठी एक खोली राखून ठेवली. आणि एका मुलानं आग्रह धरला की यंत्रं चालवणाऱ्या तंत्रज्ञांनाही बोलवायचं, फी न घेता. न्याय म्हणजे काय, हे ती मुलं भाषणांशिवाय, जमाखर्चाच्या वहीत लिहून काढत होती.

ज्येष्ठांना त्यांनी टाळलं नाही. व्याख्यानं त्यांचीच होती. मात्र अनोळखी संकेतांच्या सत्रात त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये, अशी नम्र विनंती निमंत्रणातच घातली होती. सभा भरली तेव्हा आलेल्या सगळ्यांनी ती मानली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मेटाबोलॉमिक्समध्ये एक सुंदर रीत आहे. सगळ्या नमुन्यांतला थोडा थोडा भाग काढून एका नळीत एकत्र करतात आणि हा मिश्र नमुना ठरावीक अंतरानं यंत्रात पुन्हा पुन्हा सोडतात. तो दर वेळी सारखाच वाचला गेला पाहिजे. वाचन सरकू लागलं तर समजावं की यंत्र भरकटतंय, दोष नमुन्यांचा नाही. एकट्या प्रयोगशाळेला आपण कुठे सरकलो ते आतून दिसत नाही. सर्वांचं थोडं थोडं एकत्र आलं की ते दिसतं. सभेचं खरं काम मला हेच वाटतं.

अनोळखी संकेतांच्या सत्रात ते प्रत्यक्ष घडलं. एका मुलीनं केळीच्या सालीत सापडलेला एक ठळक संकेत दाखवला, वस्तुमान 338.34. पिकण्याशी त्याचा संबंध असावा अशी तिची आशा होती. लगेच दुसऱ्या संस्थेतला मुलगा उठला. विड्याच्या पानात त्यालाही अगदी तोच संकेत मिळाला होता. दोघंही हरखली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका तंत्रज्ञानं विचारलं, “नळ्या कुठल्या वापरता?” मग उलगडा झाला. तो एरुकामाइड होता, प्लास्टिक गुळगुळीत राहावं म्हणून त्यात मिसळतात ते द्रव्य. ते ना केळीचं होतं ना पानाचं. दोघांच्याही नळ्यांतून ते नमुन्यात उतरलं होतं.

सभागृहात कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वह्या काढून तो आकडा टिपून घेतला. त्या दोघांची पुढची वाट वाचली, आणि ऐकणाऱ्या कितीतरी जणांचीही. या संवादाचा शोधनिबंध होणार नाही, कोणत्याही इतिवृत्तात तो येणार नाही. तरी त्या दोन दिवसांत विज्ञान सर्वांत पुढे सरकलं ते त्या काही मिनिटांत, असं मी ठामपणे म्हणेन. न कळलेलं दोघांनी उघड मांडलं, ज्याच्या हाताला रोजचा अनुभव होता तो बोलला, आणि त्याला बोलवायचं कोणाला तरी आधी सुचलं होतं.

असं एकत्र येणं आमच्या भागाला नवं नाही. एकेकट्या शेतकऱ्याची पत सावकारापुढे टिकत नव्हती, तेव्हा 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानं वसईत सहकारी पतपेढी उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली तीही विज्ञानात रस असणाऱ्या माणसांनी आपणहून एकत्र येऊन. तेव्हापासून तिची संमेलनं गावोगावी भरत आली आहेत. थोड्या साधनांच्या माणसांनी एकत्र यायचं आणि हिशेब उघडा ठेवायचा, ही आपली जुनी रीत आहे. कोट्यवधींची यंत्रं मोजक्या संस्थांत असलेल्या देशात नव्या शास्त्रानं तीच रीत धरावी, असं मला वाटतं.

मुलं आता पुढच्या सभेचा विचार करत आहेत. ती मोठ्या संस्थेच्या आवाराबाहेर, वसईच्या किंवा डहाणूच्या एखाद्या कॉलेजात भरावी असं मी त्यांना सुचवलं आहे. तिथल्या मुलांनी अशी माणसं जवळून पाहायला हवीत. आणखी एक सांगितलं आहे. या वेळी अनोळखी संकेतांचं सत्र पहिल्या दिवशी चहानंतर, लोक थकलेले असताना झालं. पुढच्या वेळी ते सकाळी ठेवा, उद्घाटनाच्याही आधी, सभागृह भरलेलं आणि सगळे ताजे असताना.