बादशाही घास

राजेरजवाड्यांच्या पंक्तीला आपल्यालाही एकदा पाट मिळावा, असे कुणाला वाटत नाही? राज्य नको, त्याची दगदगही नको. पण मुदपाकखान्यात काय शिजत होते, तेवढे मात्र चाखायला हवे! माझी ही हौस बीजिंगमध्ये पुरी झाली. आपण पूर्वी ज्याला पेकिंग म्हणत असू, तेच हे शहर. मुलगा तिथे नोकरीला, म्हणून आम्ही उभयता गेलो होतो. एके दुपारी त्याने आम्हांला बेहाई बागेत नेले.

बेहाई म्हणजे उत्तरेचा समुद्र. बागेत निम्म्याहून अधिक पाणीच. मध्ये बेट, बेटावर टेकडी आणि तिच्या माथ्यावर १६५१ साली बांधलेला पांढराशुभ्र स्तूप. ही बाग शतकानुशतके बादशहांची खासगी. १९१२ साली चीनची बादशाही संपली. १९२४ साली शेवटचा बादशहा पू यी याला राजवाडाही सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी बाग लोकांना खुली झाली. राजा गेला, त्याच्या आचाऱ्यांनी काय करावे? त्यांच्यातल्या काहींनी याच बागेत चहाफराळाचे दुकान थाटले. नाव ठेवले 'फांगशान', म्हणजे बादशाही जेवणाची नक्कल! आपल्याकडे कोपऱ्यावरचा खाणावळवालाही पाटीवर 'अस्सल' लिहितो. इथे खरेखुरे राजाचे आचारी स्वतःहून 'नक्कल' म्हणत होते. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

पहिल्यांदा पिवळीधमक वडी आली. वाटाणे शिजवायचे, गाळायचे, साखर घालून आटवायचे आणि थापायचे. आमच्या सौभाग्यवतींनी तुकडा तोंडात टाकला मात्र!

"अहो, हे तर पुरणच! नुसती वेलची राहिली."

मग आले अंगठ्याएवढे, आतून पोकळ, सोनेरी शंकू. "बाबा, याची एक गोष्ट आहे," मुलगा म्हणाला. १९०० साली आठ राष्ट्रांच्या फौजा या शहरात शिरल्या. इंग्रजांबरोबर आपल्या हिंदी पलटणीही त्यांत होत्या. राजमाता त्स शी शेतकरणीच्या वेषात पळाली. वाटेत अन्नाचा कण मिळेना. तेव्हा कुणा गरिबाने तिला मक्याच्या पिठाचा उकडलेला जाडाभरडा गोळा दिला. तो तिला अमृतासारखा लागला. राजवाड्यात परतल्यावर तिने फर्मावले, तोच पदार्थ करा! आता आचाऱ्याची पंचाईत. खरा गोळा पुढे ठेवावा, तर तो राजमातेच्या घशाखाली उतरायचा नाही आणि मान जाईल आपली. त्याने पीठ वस्त्रगाळ केले, साखर घातली, आकार इवलासा केला आणि स्वतःचा जीव वाचवला.

ही दंतकथा. ऐकून दोघे हसली. माझा घास मात्र तोंडातच घोळत राहिला.

१९७२ सालच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव माणदेशातले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे मिलो म्हणत. त्या मिलोची भाकरी आम्ही भावंडे कोरड्यासाशिवाय खात असू आणि ती गोड लागे. आईच्या वाट्याला किती उरे, हे विचारण्याचे ते वय नव्हते. पुढे बरे दिवस आले. पण आईने कधी हौसेने मिलोची आठवण काढल्याचे मला स्मरत नाही.

त्या राजमातेला गोळ्याची आठवण झाली, कारण तिची भूक थोड्या दिवसांची पाहुणी होती. ज्याच्या घरी ती मुक्कामालाच असते, तो तिची चव पुन्हा मागत नाही. हे त्या आचाऱ्याला ठाऊक असावे. भूक ताटात वाढता येत नाही. म्हणून त्याने साखर वाढली.

परत आल्यावर गावी गेलो. आई आता नव्वदीला टेकली आहे. तिला सगळी हकीकत सांगितली. बाग, तळे, स्तूप, राणीची गोष्ट. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले,

"पोट भरतंय का रं त्यानं?"

"न्हाय आई. चवीपुरतंच असतंय."

"मग राणीचंच हाय त्ये," ती म्हणाली आणि पुढ्यातले तांदूळ निवडू लागली.