नहरीतला दवाखाना

आठवड्याचे सहा दिवस मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायच्या, पट्टीवरची तारीख बघायची, बिल फाडायचं. रविवारी संध्याकाळी मात्र मी बेकायदा दवाखाना चालवतो. परवाना नाही, पाटी नाही आणि मी डॉक्टरही नाही. हा धंदा चालतो सिडकोतल्या एका मित्राच्या जेवणाच्या टेबलावर, फाशांच्या जोरावर.

खेळाचं नाव ‘सायबरपंक रेड’. माइक पॉन्डस्मिथ या अमेरिकन माणसाने १९८८ साली पहिला सायबरपंक खेळ काढला. ‘रेड’ ही २०२० सालची आवृत्ती, आणि तिच्यातली गोष्ट घडते २०४५ मध्ये. एकजण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे आपापलं पात्र चालवतात. जिथे जमेल की नाही अशी शंका असते, तिथे दहा पैलूंचा फासा निकाल देतो. सुरुवातीला तसा फासा आम्हाला शहरात कुठे सापडला नाही. मग जुन्या हाऊजीच्या डब्यातले एक ते दहा आकड्यांचे ठोकळे पिशवीत घातले आणि एकेक काढू लागलो. फासे नंतर ऑनलाइन आले, पण पिशवी काही सुटली नाही.

खेळाच्या पुस्तकातलं शहर कॅलिफोर्नियातलं, नाइट सिटी. आमच्या गेम मास्टरने ते उचलून आमच्या छत्रपती संभाजीनगरात आणलं. कंपन्यांचे मनोरे शेंद्र्याला उभे केले, गोरगरीब जुन्या दरवाजांच्या आत कोंबले आणि मला जागा दिली नहर-ए-अंबरीत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं, ती ही नहर. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे विचारून पाहुण्याला बोलवावं लागतं, तिथे २०४५ सालीही नहरीला किंमत असणार, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या पात्राचं नाव हकीम, बिनपरवाना दवाखान्यात माणसांना यंत्राचे अवयव बसवून देणारा. इंग्रजीत अशा माणसाला रिपरडॉक म्हणतात. आमच्या टेबलावर त्याचा ‘चिरफाड डॉक्टर’ झाला.

खेळातल्या या जगात ट्रॉमा टीम नावाची कंपनी आहे. दर महिन्याला पैसे भरणाऱ्याला कार्ड मिळतं, आणि तो जखमी झाला की बंदूकधारी डॉक्टर उडत्या गाडीतून उतरतात. कार्ड नसलेला माणूस रस्त्यावरच. आपल्याकडे १०८ ला फोन केला तर कुणी कार्ड विचारत नाही, याचं मोल मला हा खेळ खेळताना कळलं. कार्ड नसलेले सगळे हकीमकडे यायचे.

पहिला रोगी आमच्यातलाच. वाळूजच्या कारखान्यात प्रेसवर तीन पाळ्यांत राबणारा एक मित्र आहे. त्याच्या पात्राचं नाव शटर. त्याने पहिल्याच रविवारी पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “हकीमसाब, लोखंडी हात बसवायचा.” मी विचारलं, कसला पाहिजे? आत बंदूक असलेला, की दोरी सुटणारा? तो म्हणाला, “तसलं काही नको. प्रेसमध्ये गेला तरी चालेल असा.” कुणी हसलं नाही. त्याच्या शॉपमधल्या एकाची बोटं कशी गेली, ते आम्हाला ठाऊक होतं.

हाताचे पैसे देऊन भागत नाही. असा अवयव बसवला की माणुसकीचे गुण कमी होतात. हातासाठी साधे दोन फासे टाकायचे आणि येईल तेवढे वजा करायचे. आम्ही सापशिडीतले घेतले. पाच आणि सहा. शटरच्या साठातून अकरा गेले. हे गुण संपून शून्याखाली गेले की पात्र गेम मास्टरच्या हवाली करायचं. उपचाराने काही गुण परत मिळवता येतात, पण त्याला आठवडा लागतो आणि पैसेही. मला वाटलं होतं की दवाखाना म्हणजे टाके घालणं. प्रत्यक्षात मी जास्त वेळ ‘हे बसवू नकोस’ असंच सांगत होतो, आणि त्यात मला चार पैसे मिळत नव्हते.

एकदा शटर गोळ्या लागून पडला. त्याला सावरायला माझी बेरीज पंधराच्या वर जायला हवी होती. माझ्या पात्राच्या कसबाचे अकरा आधीच होते. पिशवीत हात घातला, चार निघाले. पंधराला पंधरा. बरोबरी झाली तर हार, असा नियम आहे. मग त्यानेच पिशवीत हात घातला. अंगातली ताकद सात, त्याहून कमी आकडा आला तरच तो पुढच्या खेपेपर्यंत जगणार. पाच आले. पुढच्या खेपेला मला आठ आले आणि तो वाचला. त्याने पाणी मागितलं, ते पात्राने की मित्राने, हे मी विचारलं नाही.

आता माझी चूक सांगतो. दुकानात आम्हाला एच-वन अनुसूचीतल्या औषधांची वेगळी वही ठेवावी लागते. २०१४ पासूनचा नियम आहे. त्यात झोपेच्या गोळ्या येतात, काही अँटिबायोटिक्स येतात, क्षयाची औषधं येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं. हाताला तीच सवय. हकीमच्या दवाखान्यासाठीही मी शंभर पानी वही घातली होती. कोण आलं, काय बसवलं, उधारी किती. सगळं तारीखवार.

एका रविवारी गेम मास्टरने हात लांब करून ती वही टेबलावरून उचलली. “कंपनीची धाड पडली,” तो म्हणाला, आणि माझ्याच अक्षरातली नावं वाचू लागला. अकरा नावं. त्यातल्या बहुतेकांचे अवयव मनोरेवाल्या कंपनीच्या गोदामातून चोरलेले, म्हणूनच तर ती माणसं माझ्याकडे आली होती. पुढच्या दोन रविवारांत त्यातले चौघे गेले. माझ्या उपचाराने कुणी दगावलं नव्हतं. माझ्या टापटिपीने दगावले. शटर वाचला, कारण दोस्त म्हणून त्याचं नाव मी वहीत लिहिलंच नव्हतं.

मी चिडलो. वही टेबलावर होती, खेळात नव्हती, असा वाद घातला. गेम मास्टर एवढंच म्हणाला, “मग लिहिली कुणी?”

आता हकीम काही लिहीत नाही. उधारी डोक्यात ठेवतो, विसरली तर विसरली. दुकानातली वही मात्र चालूच आहे, आणि ती असायला हवी. कुणीही कितीही गोळ्या घेऊन जाऊ नये म्हणूनच ती आहे. बदल एवढाच झाला. क्षयाची औषधं न्यायला आलेला माणूस नाव सांगताना मागे वळून बघतो. पूर्वी मी ‘नियम आहे’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. आता त्याला शांतपणे सांगतो, ही वही तीन वर्षं दुकानातच राहते; औषध निरीक्षक आला तर त्याला दाखवावी लागते, बाकी गिऱ्हाइकांना ती दिसत नाही. आणि नाव लिहून झालं की वही मिटून खणात ठेवतो. पूर्वी ती काउंटरवर उघडी असायची.