पांढऱ्या गारगोट्यांचा माळ

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटर गेले, की व्हॅनराइन्सडॉर्प हे लहानसे गाव लागते. त्यापुढे क्नेर्सफ्लाक्ते नावाचा माळ पसरला आहे. जागोजागी पांढऱ्या गारगोट्यांचा थर. पाऊस वर्षाकाठी १०० ते २०० मिलिमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. तिकडे ऋतू आपल्या उलट, म्हणून हिवाळा मे-जूनमध्ये सुरू होतो.

या गारगोट्यांत बोटाच्या पेराएवढ्या मांसल वनस्पती वाढतात. एकीची पाने इतकी गुबगुबीत, की तिथले लोक तिला ‘बाळाचे कुल्ले’ म्हणतात! आपला शाळू जसा थंडीत पोसतो, तशाच याही. उन्हाळ्यात मात्र त्या झोपी जातात. कोनोफायटमची जुनी पाने तेव्हा वाळून कागदासारखी होतात व आतल्या कोवळ्या पानांना पांघरूण घालतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले.

यांचे बोंड कोरडे असताना मिटलेले असते. पावसाने भिजले की उघडते, थेंबांच्या माराने बी बाहेर उडते. म्हणजे ओल असेल तेव्हाच पेरणी!

या माळाचा काही भाग २०१४ साली राखीव झाला. तरीही २०१९ पासून परदेशी शौकिनांसाठी या प्रदेशातून लाखो रोपे चोरून उपटली गेली. काही जाती एखाद्याच टेकडीवर आहेत. तिथून गेल्या, की संपल्या.

यावर चांगला उपाय म्हणजे बियांपासून रोपे करणे. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये पेरतात. आपल्याकडे कार्तिकात पेरावे. कुंडीत जाड वाळू, बारीक खडी व थोडे कुजलेले खत घ्यावे. बी तंबाखूच्या बियांसारखे बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून वरच फेकावे, मातीने झाकू नये. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी, वर काच ठेवावी. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. मग काच हळूहळू काढावी.

मोठ्या झाडाला उन्हाळ्यात पाणी देऊ नये, ते कुजते. पहिल्या वर्षाच्या रोपाला मात्र अधूनमधून थोडी ओल लागते. आपला पावसाळा यांच्या झोपेच्या काळात येतो, म्हणून कुंडी छपराखाली, वारा खेळेल अशी ठेवावी.

फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. एवढा धीर नसेल तर रोप विकत घ्यावे. पण ते बियांपासून केलेले आहे ना, हे आधी विचारावे. माळावरून उपटलेले रोप स्वस्त मिळाले, तरी घरी आणू नये.