उघडलेली मूठ

दुपारी टेल्को रोडवर पाळी सुटते. टेल्को कंपनीची टाटा मोटर्स होऊन वीसेक वर्षं झाली, पण रिक्षावाले, चहावाले, आम्ही सगळे अजून टेल्कोच म्हणतो. बसच्या काचांना टेकलेली पेंगुळलेली डोकी समोरून सरकतात आणि दरवेळी मनात येतं, मुरलीकांत पेटकर इथेच नोकरीला होते.

जन्म 1944 सालचा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलात भरती झाले, तिथे मुष्टियुद्ध खेळले. मग 1965चं भारत-पाक युद्ध आलं. गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यातच राहिली. पाय निकामी झाले. बॉक्सरचं निम्मं बळ पायांत असतं. जमीन रेटूनच ठोसा वर येतो. ती जमीनच गेली.

मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात उपचार झाले आणि उपचारांच्या ओघात पोहणं आलं. मी या जागी पुन्हा पुन्हा थांबतो. पाण्याला ठोसा मारून काही होत नाही. तिथे मूठ उघडावी लागते, बोटं जुळवावी लागतात, पाणी कवेत घेऊन मागे सारावं लागतं. रिंगणात कमावलेले तेच खांदे, तेच दंड; फक्त मुठीचं वल्हं झालं.

1968मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट 1972मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहले: 37.33 सेकंद. विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. ऑलिम्पिकमध्ये एकट्या भारतीयाच्या गळ्यात सुवर्ण पडायला त्यानंतर 36 वर्षं जावी लागली. ते मिळवणाऱ्या अभिनव बिंद्राचं नाव आमच्या घराघरांत पोचलं, ते योग्यच झालं. पण पेटकरांचं नाव मला पन्नाशीजवळ कळलं, तेही इथल्याच रस्त्यावर राहून. याची खंत जात नाही. त्यांना पद्मश्री 2018मध्ये मिळाली, त्यांच्यावरचा चित्रपट 2024मध्ये आला.

आज चौकात लाल दिवा लागला. कंपनीची बस शेजारी उभी राहिली. मी मनात आकडे मोजू लागलो. दहापर्यंत पाण्यात उडालेले तुषार दिसले, विसाच्या पुढे फक्त खांदे. तिसाला श्वास माझाच अडकला. सदतिसाला हात भिंतीला टेकला तेव्हा दिवा अजून लालच होता, आणि बसमधला एक तरुण कामगार दुखरा खांदा चोळत होता.