पोळीशी काडीमोड

इतर दुखण्यांना समाजात थोडाफार मान असतो. ताप आला, हात मोडला, तर चार माणसे भेटायला येतात, येताना मोसंबी आणतात. पोटाच्या दुखण्याला तो मान नाही. 'पोट बिघडलंय' म्हटले की ऐकणारा आधी हसतो आणि मग ओव्याचे नाव घेतो. वाचकहो, तीन वर्षे मी ते हसू आणि तो ओवा, दोन्ही गिळले आहेत. म्हणून आज अंकाची दोन पाने या बिनमानाच्या विषयासाठी मागून घेत आहे.

जेवण झाले की पोट नगाऱ्यासारखे फुगायचे. दिवसातून चार-पाच वेळा धावपळ. महिन्यातून दोनदा तोंड यायचे. वर्गात मी कायम दाराजवळचा बाक धरी. ही मुलगी तास बुडवण्याच्या बेतात असते असे सरांना वाटे, आणि दिसायला ते तसेच दिसे! हिमोग्लोबिन ८ वर येऊन बसले होते, लोहाच्या गोळ्यांनी हलेना. ओव्याचा अर्क झाला, कुड्याची साल झाली, जंतांचे औषध झाले, आजीने दृष्टही काढली. रोज हिंग घातलेले ताक होते, आणि अंगात ताकद यावी म्हणून दुधातून माल्टची पूड होती. या शेवटच्या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात.

सुटका अनपेक्षित दिशेने आली. सुटीत महिनाभर आजोळी, खानापूर तालुक्यात, राहिले. तिकडे भाताचा मुलूख. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी. चपाती पाहुणा आला तर. आठवड्यातच पोट गप्प झाले. 'हवापालट मानवला,' असे सगळे म्हणाले. बेळगावला परतले आणि चौथ्या दिवशी नगारा पुन्हा सुरू.

मी वाणिज्य शाखेची. आकडा जुळला नाही की आम्हाला झोप येत नाही. एका वहीत रोजकीर्द घातली; डाव्या बाजूला खाल्लेले, उजव्या बाजूला भोगलेले. तीन आठवड्यांत खतावणी बोलू लागली. चपाती, पाव, उप्पीट, शेवया, चहाबरोबरचा टोस्ट, सगळी नावे एकाच घराण्यातली. एकादशीला मात्र उजवी बाजू कोरी. आजी म्हणाली, 'पांडुरंगाची कृपा.' कृपा असेलच, पण वरई, साबुदाणा, राजगिरा यांत गहू नसतो, हेही खरे.

गहू सोडला. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले. मग आईने एका पोटाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि कन्नडमध्ये म्हणाले, 'छान. आता उद्यापासून पुन्हा चपाती खा.'

मला वाटले, माझे कन्नड कच्चे पडले. पण नाही. हा सिलिअॅक रोग असावा असा त्यांना संशय होता. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना जी तार सुटते, ती त्याचीच. सिलिअॅकच्या माणसात शरीराचे संरक्षक दल या ग्लुटेनवर उठते आणि त्या भांडणात स्वतःच्याच आतड्याची नासधूस करते. रक्ताच्या तपासणीत या भांडणाच्या खुणा सापडतात. परंतु गहू बंद असला की खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून सहा आठवडे, रोज दोन चपात्या.

जे खाल्ल्याने आपण आजारी पडतो ते ठाऊक असून, ताटात वाढून घेऊन, चावून चावून खायचे! आई वाढताना माझ्याकडे पाहत नसे. त्यातच सहामाही परीक्षा आली. कॉस्टिंगच्या पेपरला मी तीन तासांत तीनदा बाहेर गेले. पर्यवेक्षक दर वेळी माझ्यामागून एक बाई पाठवीत. त्या बाईंनी तिसऱ्या खेपेला विचारले, 'होट्टे नोवु एन्?' त्या दिवसातला तो एकच प्रश्न सोपा होता.

रक्त दिले, मग दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे काढले. डॉक्टर म्हणाले, 'आतडे आतून टर्किश टॉवेलासारखे असते, बारीक बारीक झालरी. अन्नरस त्यांनीच टिपायचा. तुझ्या टॉवेलाचा पंचा झालाय.' लोहाच्या गोळ्या का लागू पडत नव्हत्या ते एका वाक्यात समजले. औषध काय, विचारले. औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर.

पुढे ग्रंथालयात वाचले की या रोगात गव्हाचा हात आहे हे विलेम डिके या डच बालवैद्याने दाखवले. गव्हावर त्याचा संशय १९३० नंतरच्या दशकातला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला आणि संशय बळावला. १९५० मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला. माझे खानापूर निदान पोटभर होते.

दुसऱ्यांदा गहू सोडणे पहिल्यासारखे सोपे गेले नाही. पहिल्यांदा तो प्रयोग होता, आता निकाल होता. आणि गहू लपतो किती! बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा घातलेला असतो. माल्ट म्हणजे मोड आलेले जव. म्हणजे तीन वर्षे माझ्या औषधातच दुखणे कालवलेले होते! आपल्याकडचा लाडका खपली गहूसुद्धा गहूच. गिरणीत तर ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच. शेवटी आजोळचे जाते एस. टी. च्या टपावर चढवून आणले. कंडक्टरने त्याचे लगेज लावले, ते बाबा अजून सांगतात.

माणसांचा प्रश्न धान्यापेक्षा अवघड. शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद टाकणाऱ्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडते, हे आजीला पाठ. चिमूटभरही नको, हे तिला पटवताना मला घाम फुटला. गुरुजींनीच हातावर तीर्थ आणि केळे ठेवले आणि पुढच्या हाताकडे वळले. एका आत्याबाईंनी मात्र आईला बाजूला घेऊन सांगितले, 'मुलीची जात आहे, लग्न व्हायचंय, कुठं बोलू नका.' आई गप्प राहिली. मी हा लेख देते आहे असे सांगितले तेव्हाही ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, 'शुद्धलेखन तपासून घे.'

सुख मिळाले ते माझ्या कन्नड मैत्रिणीच्या घरी. तिची आई 'ऊटा आतेन?' विचारते आणि उत्तराची वाट न पाहता जोळद रोट्टी वाढते, बरोबर एण्णगाई आणि शेंगाचटणी. माझे दुखणे ऐकून त्यांना नवल वाटले ते एवढेच, की या रोट्टीला कुणी पथ्य म्हणते. त्यांनी दिलेली कडक रोट्टी माझ्या डब्यात महिनाभर टिकते. कँटीनमध्ये मैत्रिणी पाव मोडतात, मी रोट्टी मोडते. आवाज माझाच मोठा येतो.

आता सात महिने झाले. हिमोग्लोबिन ११ च्या पुढे आहे. बाक अजून दाराजवळचाच, पण सवयीने. डॉक्टरांनी घरातल्या सर्वांचे रक्त तपासायला सांगितले होते, कारण हा रोग रक्ताच्या नात्यात आढळतो. आईचा आणि भावाचा अहवाल निर्दोष आला. बाबांनी अजून रक्त दिलेले नाही. त्यांचे पोट गेली वीस वर्षे 'जरा नाजूक' आहे आणि चपातीवाचून त्यांचे जेवण होत नाही. सोमवारी जाऊ म्हणतात. मागच्या सोमवारीही असेच म्हणाले होते. म्हणून या सोमवारी मी पहिला तास बुडवून त्यांच्याबरोबर जाणार आहे.