बोलका तितर

मी आयुष्यात एकही शिकार केलेली नाही. घरच्या सापळ्यात उंदीर सापडला, तर तो दूर नेऊन सोडण्याचे काम माझी पत्नी करते. मी लांबून सूचना देतो. असा मनुष्य शिकारीवर लिहू लागला तर वाचकांना हसू यावे, हे स्वाभाविक आहे. पण लहानपणी पाहिलेला एक तितर गेली तीन वर्षे माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याच्याविषयी लिहायचे तर शिकारीविषयी लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

माझे वडील नागपूरच्या दक्षिणेला, उमरेडच्या रस्त्यावरून आत शिरल्यावर लागणाऱ्या एका खेड्यात शिक्षक होते. गावाच्या बाहेर, पळसाच्या झुडपांपलीकडे, फासेपारध्यांचा बेडा होता. तिथले एक म्हातारे अर्ज लिहून घेण्यासाठी वडिलांकडे येत. त्यांना आम्ही आबाजी म्हणत असू. आबाजी ओट्यावर बसत, खांद्यावरचा बांबूच्या कामट्यांचा पिंजरा खाली ठेवीत आणि त्यावरचे फडके नीट करीत. आत एक करडा तितर असे. त्या फडक्याखाली काय चालले असेल, याचे मला विलक्षण कुतूहल वाटे.

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हाका उभा राहतो. ढोल, डबे, आरडाओरडा, पुढे पळणारे जनावर आणि मचाणावर बसलेला कुणी बंदूकवाला साहेब. आबाजींना त्या साऱ्या थाटाचा तिटकारा होता.

"हाक्याले वीस माणसं पाह्यजे, बापू," ते मला म्हणत. "मी एकटा. एकट्या माणसानं जनावराच्या मांगं धावू नोये. जनावर आपल्याकडे आलं पाह्यजे."

तरुणपणी, शिकारीला बंदी नव्हती तेव्हा, ते हरणांसाठी शिकवलेला बैल वापरीत. बैल चरत चरत पुढे सरकायचा आणि आबाजी त्याच्या आडोशाने वाकून चालायचे. हरणे मान वर करीत, बैल पाहत आणि पुन्हा चरू लागत. माळावर गुरे रोजचीच. त्यांना कोण भिणार? गायबैलाच्या आडून शिकार करणाऱ्या पारध्यांना गायपारधी असे नावच पडले आहे. तितराच्या शिकारीला मात्र बैल नको, तितरच हवा.

मी नऊदहा वर्षांचा असेन. ही गोष्ट १९९० च्या सुमाराची. शिकार हा तोवर गुन्हा झालेला होता, आणि ते वडिलांना व आबाजींना दोघांनाही ठाऊक होते. आबाजींच्या आयुष्याचा हिशेब असा, की इंग्रजांनी १८७१ साली सुरू केलेल्या कायद्याच्या वारशाने ते जन्मतःच गुन्हेगार ठरले होते. १९५२ साली तो कायदा गेला आणि ते कागदावर तरी सरळ माणूस झाले. पुढे वीसच वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि त्यांना येत असलेला एकमेव धंदा गुन्हा ठरला. वडील त्यांचे अर्ज लिहीत ते जमिनीच्या तुकड्यासाठी. त्या अर्जांना कधी उत्तर आल्याचे मला आठवत नाही.

चैत्रातल्या एका पहाटे आबाजींनी मला बरोबर नेले. वडिलांना सांगितले नव्हते. बोरीच्या एका झुडपाखाली त्यांनी पिंजरा ठेवला. त्याच्या भोवती, हातभर अंतरावर, घोड्याच्या केसांचे फासे मांडले. प्रत्येक फासा खुंटीला बांधलेला. मग फडके काढले आणि आम्ही एका बांधाआड पालथे पडलो.

बराच वेळ काही झाले नाही. उजाडू लागले तशी पिंजऱ्यातल्या तितराने अंग झाडले, मान ताणली आणि तो बोलू लागला. क-ती-तर, क-ती-तर! एवढ्याशा पाखराच्या छातीत एवढा आवाज कुठून येतो, कोण जाणे. दूरच्या झुडपातून उत्तर आले. मग ते जवळून आले. आणखी जवळून आले. आपल्या रानात कुणी परका नर ओरडतो आहे, हे त्या रानच्या नराला सहन होईना. तो धावतच आला, पंख पाडून, छाती काढून. भांडायला निघालेला नर जमिनीकडे पाहत नाही. पिंजऱ्याशी पोचता पोचता त्याचा पाय अडकला.

आबाजी उठले, चार ढांगांत पोचले आणि पुढचे त्यांनी माझ्याकडे पाठ करून उरकले. मी पाहत होतो तो पिंजऱ्यातल्या तितराकडे. तो अजून बोलत होता, पहिल्यापेक्षाही जोरात.

"आबाजी," मी विचारले, "त्याला कळत नाही का?"

"थ्याले वाटते, आपूनच जितलो," आबाजी फासा पुन्हा मांडत म्हणाले. "दर खेपेले जितते थो. म्हून तं बोलते. कळलं असतं तं गप नसता झाला?"

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर कधी गेलो नाही.

हे तंत्र काही आपल्याच रानातले नव्हे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला तिकडच्या एल्क नावाच्या हरणाची हकीकत सांगितली. घोड्याएवढे धिप्पाड जनावर, आणि लोक हौसेने त्याची धनुष्यबाणाने शिकार करतात. बाणाचा पल्ला थोडा, म्हणून जनावर पन्नास पावलांच्या आत यावे लागते. सप्टेंबरात माजाचे दिवस असतात. तेव्हा मादीचा आवाज काढला की नर येतो. दोघे शिकारी असले तर एक मागे बसून आवाज काढतो आणि दुसरा पुढे दबा धरतो. नराचे डोळे मागच्यावर लागलेले असतात, त्यामुळे पुढच्याला धनुष्य ओढायला सवड मिळते. शिकारी एकटा असला की पंचाईत. आवाज त्याचा, म्हणून नर त्याच्याकडेच रोखून पाहणार. हात हलला की पळणार. म्हणून तो मादीचे चित्र रंगवलेला कापडी पडदा बाजूला उभा करतो. नर तिकडे पाहत राहतो आणि बाण इकडून सुटतो. विद्यार्थ्याला त्यातल्या कसबाचे कौतुक होते. मला आबाजी आठवले. एकट्या शिकाऱ्याला जगात सगळीकडे एकच गोष्ट लागते: आपल्याऐवजी ज्याच्याकडे पाहिले जाईल असा कुणीतरी. आणि तो ओळखीचा असावा लागतो. हरणाला बैल, तितराला तितर.

रामायणातल्या मारीचाचे काम हेच नव्हते काय? डोळ्यांना सोन्याचे हरीण, कानांना रामाचा आवाज. पण मारीचाला सारे ठाऊक होते. त्याने रावणाला आधी समजावून पाहिले होते. नाही म्हटले तर रावण मारणार, हो म्हटले तर राम मारणार, एवढीच निवड त्याला उरली. आबाजींच्या तितराहून मारीच मला अधिक दुःखी वाटत आला आहे. आपण मात्र या दोघांपैकी कुणीच नाही, अशी माझी समजूत होती.

मी नागपुरात एका खाजगी शाळेत शिकवतो. बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत शिक्षक मुले शोधत दारोदार हिंडतात. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. उन्हाने डोके तापत असताना मी ही फेरी बारा वर्षे केली, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ती आवडत असे. कारण मी त्यात पहिला येत असे. खेड्यात वाढलो असल्यामुळे लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलत असे. सर्वांत जास्त प्रवेश माझ्या नावावर असत, आणि जूनमध्ये सभेत माझे नाव घेतले जाई. मी खोटे कधी बोललो नाही. शाळेने जे सांगितले ते मी मनापासून सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी मला त्या जुन्या बेड्यावर पाठवण्यात आले. आबाजी जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्यांच्या नातसुनेने मला ओळखले नाही, पण वडिलांचे नाव सांगताच तिने चटई टाकली. गुर्जीचा पोरगा आला, म्हणून साऱ्या बेड्यात निरोप गेला. मी सांगितले : शाळेची गाडी येईल, पुस्तके मिळतील, दहावीपर्यंत काळजी नाही. सात मुले पाचवीत दाखल झाली. त्यांत आबाजींची पणती होती. शाळेत माझी पाठ थोपटली गेली.

त्या वर्षीही ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे धरली जायची होती. सप्टेंबर संपला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी बंद झाली. डिझेल परवडत नाही, दिवाळीनंतर पाहू, असे मला सांगण्यात आले. बेडा शाळेपासून अठरा किलोमीटर. नावे मात्र हजेरीपटावर राहिली. रोज सकाळी मी ती सात नावे एकामागून एक पुकारी, आणि रोज तिथे उत्तर येत नसे.

त्याच दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर गेलो. तिथे त्या दिवसांत पुस्तकांची जी दुकाने लागतात, ती मी सहसा चुकवीत नाही. भदंत आनंद कौसल्यायन यांनी जातककथांचा हिंदी अनुवाद सहा खंडांत केला आहे. भदंतांनी देह ठेवला तो आमच्या नागपुरातच, १९८८ साली. त्यांतला एक खंड मी घेतला. रात्री चाळता चाळता ३१९ वी कथा समोर आली : तित्तिर जातक.

एका पारध्याने तितर पाळून त्याला इतर तितरांना बोलवायला शिकवले. आपल्या आवाजाने आपलेच भाऊबंद मरतात, हे त्या तितराच्या ध्यानात आले आणि तो गप्प बसला. पारध्याने त्याच्या डोक्यात बांबूची कामटी मारली. तो वेदनेने ओरडला. ते ऐकून बाकीचे आले आणि सापडले. पुढे एकदा पारधी एका तपस्व्याच्या आश्रमाजवळ झोपला असता त्या तितराने तपस्व्याला विचारले, की या हत्येचे पाप मला लागते काय? तपस्व्याने त्याची समजूत घातली : तुझ्या मनात पाप नसेल तर ते तुला शिवत नाही. अशा बोलावणाऱ्या पक्ष्याला पालीत दीपकतित्तिर म्हणतात. दीपक! दिवाळी वीसेक दिवसांवर आली होती. त्या शब्दाने मला झोप लागू दिली नाही.

तपस्व्याचे उत्तर माझ्या सोयीचे होते. माझ्याही मनात पाप नव्हते. पण त्या तितराने कामटी खाल्ली होती, आणि त्याच्याही आधी तो आपणहून गप्प बसला होता. मला कुणी कधी कामटी मारली नाही. मला शाबासकी मिळत होती. आदल्या वर्षी इतर गावांतून आणलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे मी विचारले असते तर मला कळले असते. मी विचारले नाही, कारण मी दर खेपेला जिंकत होतो.

दिवाळीच्या सुटीत बेड्यावर गेलो. नातसून दारात उभी होती. तिने रागाचा एकही शब्द काढला नाही.

"गुर्जी, गाडी कई येईन?" एवढेच विचारले.

मी तिला खरे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिने चहा टाकला.

सुटीनंतर मी शाळेत बोललो. त्याचा जो उपयोग व्हायचा तो झाला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बेड्यावर गेलो आणि सर्वांना बसवून सांगितले : गाडी नाही, आणि येईल असे मी सांगू शकत नाही. मुलींना एस. टी.चा पास मोफत मिळतो. तो मी काढून देईन. थांबा दोन किलोमीटरवर आहे, तेवढे चालावे लागेल. सातांपैकी दोघी आल्या. दोन मुलगे आश्रमशाळेत गेले होते. त्यांचे बरे झाले. उरलेली तीन मुले आईबापांबरोबर कापूस वेचायला जातात. प्रवेशांच्या यादीत माझे नाव आता सर्वांत खाली असते, आणि मी अतिरिक्त ठरण्याची शक्यता सर्वांत वर. पत्नी काही म्हणत नाही. कधी कधी घरखर्चाची वही मात्र माझ्यासमोर उघडी ठेवते.

अकोला-वाशिमकडे काही फासेपारधी आता गवताळ माळ राखतात, तणमोरासारख्या दुर्मिळ पाखरांना जपतात. जी विद्या पकडण्यासाठी शिकली, तीच राखण्याच्या कामी आली. हे ऐकले तेव्हा आबाजींच्या न लागलेल्या अर्जांची मला फार आठवण झाली.

त्या दोघी आता आठवीत आहेत. यंदा उन्हाळ्यापूर्वी एकदा मी बेड्यावर मुक्काम केला होता आणि पहाटे त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत आलो. एस. टी.ला उशीर होता. आबाजींच्या पणतीने दप्तर खाली ठेवले, तोंडापुढे हात धरला आणि तितराचा आवाज काढला. हुबेहूब. पलीकडच्या झुडपातून लगेच उत्तर आले. तिने पुन्हा बोलावले. उत्तर जवळून आले. मी नकळत जमिनीकडे पाहिले. तिथे धूळ होती आणि पळसाची वाळलेली पाने होती.

"कोणी शिकवलं गं?" मी विचारले.

"आईनं. आईले आबाजीनं."

तेवढ्यात एस. टी. आली. आम्ही चढलो. तितर झुडपात तसाच बोलत राहिला होता.